सकाळचे १७.६, दुपारचे १५.१: निफाडकडच्या एका बागेतला ब्रिक्सचा वाद

नाशिकमधल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवतो. खाली मांडलेलं प्रकरण माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या घरचं आहे. गाव, माणसं आणि व्यापारी ओळखू येऊ नयेत म्हणून नावं टाळली आहेत. तिच्या वडिलांना सगळे आप्पा म्हणतात, इथेही तेच म्हणतो.

पार्श्वभूमी

निफाड तालुक्यात आप्पांची थॉमसन जातीच्या द्राक्षांची दोन एकर बाग आहे. बाग उतारावर आहे. वरचा अर्धा भाग मुरमाड, खालचा काळ्या भारी जमिनीचा. छाटणी, फवारणी, विरळणी सगळं एकाच वेळी होतं, म्हणून घरात या बागेला एकच प्लॉट समजत आले आहेत. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

माल निर्यातीचा होता. व्यापाऱ्याशी सौदा झाला तेव्हा चिठ्ठीवर दर, मण्याची जाडी आणि "ब्रिक्स १६" एवढंच लिहिलं होतं. १६ ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅम रसात १६ ग्रॅम विरघळलेले घटक. द्राक्षात त्यातली बहुतेक साखरच असते. आंबा अढीत घालून पिकवता येतो, द्राक्ष नाही. घड वेलीवरून खुडला की त्यातली साखर वाढायची थांबते. त्यामुळे खुड्याचा दिवस एकदा चुकला की तो दुरुस्त करता येत नाही. हा आकडा घेऊन माणसं भांडतात ती उगाच नाही.

आप्पांकडे हातात धरायचा साधा रिफ्रॅक्टोमीटर होता. काचेवर रसाचे दोन थेंब टाकायचे, झाकण लावायचं, उजेडाकडे धरून डोळा लावायचा. निळा भाग संपून पांढरा सुरू होतो ती रेघ ज्या आकड्यावर, तो ब्रिक्स. तापमानाची आपोआप भरपाई करणारी सोय त्यात नव्हती. दिवाळीनंतर एका भर दुपारी दुकानदाराने पाणी टाकून त्याचं शून्य लावून दिलं होतं. तेव्हापासून त्याच्या स्क्रूला कोणी हात लावला नव्हता. शेडमधल्या खिळ्याला तो टांगलेला असायचा.

अडचण

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आप्पांनी सकाळी सातला ब्रिक्स काढला: १७.६. तीन दिवस सलग तसाच. त्यांनी व्यापाऱ्याला फोन केला, "माल तयार आहे, खुडा लावा." व्यापाऱ्याचा सुपरवायझर दुपारी एकला डिजिटल मीटर घेऊन आला. त्याचा आकडा १५.१. "आप्पा, ब्रिक्स बसत नाही," म्हणून तो परत गेला.

अडीच ब्रिक्सचा फरक. आप्पांना वाटलं, बाजार उतरतोय म्हणून व्यापारी सौदा मोडायला बघतोय. सुपरवायझरला वाटलं, कच्चा माल गळ्यात मारायचा बेत दिसतोय. मुलीने स्वतः दुपारी घरच्याच मीटरवर पाहिलं तर आकडा १६.३ आला. आप्पा म्हणाले, "दुपारी उन्हानं रस पातळ पडतो, सकाळचाच आकडा खरा." त्यांच्या या वाक्यातला पहिला अर्धा भाग बरोबर होता, हे आम्हाला दोन दिवसांनी समजलं.

त्या रात्री तिचा फोन आला. "सर, मीटर तर दोन्ही चालू आहेत. मग खोटं कोण बोलतंय?"

रेघ हलते म्हणजे काय होतं

रिफ्रॅक्टोमीटरला चव कळत नाही आणि साखरही कळत नाही. त्याला कळतं ते एवढंच, की प्रकाश रसातून काचेत शिरताना किती वळला.

निर्वात पोकळीत प्रकाशाचा वेग सेकंदाला जवळजवळ ३ लाख किलोमीटर. पाण्यात तो सुमारे २ लाख २५ हजारांवर येतो. या दोन वेगांचं गुणोत्तर म्हणजे पाण्याचा अपवर्तनांक, १.३३३. किरण तिरपा येऊन एका माध्यमातून दुसऱ्यात शिरला की वेग बदलतो आणि त्याबरोबर दिशाही. सरळ काटकोनात शिरला तर वेग बदलतो, दिशा नाही. रामकुंडाच्या पायऱ्या पाण्याखाली जवळ आल्यासारख्या दिसतात त्या यामुळेच. वरून सरळ पाहिलं तर चार फूट खोल पाणी तीन फुटांचं भासतं.

आप्पांना हे शेडमध्ये सांगत होतो. ते मधेच म्हणाले, "म्हणजे ट्रॅक्टर डांबरीवरून तिरपा रानात उतरवला, अन् एक चाक आधी चिखलात गेलं की तोंड तिकडंच वळतं, तसं?" अगदी तसंच. दोन्ही चाकं एकदम चिखलात गेली तर ट्रॅक्टर हळू होतो, पण वळत नाही. इतकी वर्षं वर्गात काठी आणि पेल्याची आकृती काढतो आहे. ट्रॅक्टर मला सुचला नव्हता.

कोन किती वळेल याचा नियम स्नेल या डच गणितीच्या नावाने ओळखला जातो. त्याने तो १६२१ च्या सुमारास मांडला. त्याच्या सहा शतकं आधी, ९८४ च्या सुमारास, बगदादमध्ये इब्न साह्लनेही तो ओळखला होता. पहिल्या माध्यमाचा अपवर्तनांक गुणिले तिथल्या कोनाची साइन, आणि दुसऱ्या माध्यमातला हाच गुणाकार, हे दोन्ही सारखे असतात. रिफ्रॅक्टोमीटरचं सगळं काम या एका ओळीवर चालतं.

मीटरमधल्या प्रिझमच्या काचेचा अपवर्तनांक रसापेक्षा जास्त असतो. झाकणातून पसरून आलेला उजेड रसातून सगळ्या कोनांनी काचेवर पडतो. त्यातला सर्वांत आडवा किरण, म्हणजे काचेच्या पृष्ठभागाला जवळजवळ घासून येणारा, काचेत एका ठरावीक कोनापर्यंतच वळतो. त्या कोनाला क्रांतिक कोन म्हणतात. त्याच्या पलीकडे काचेत किरण पोहोचतच नाही. म्हणून तिथवर उजेड आणि पुढे अंधार, आणि मधे ती रेघ.

साखर वाढली की रसाचा अपवर्तनांक वाढतो आणि रेघ सरकते. २० अंश सेल्सियसला १६ ब्रिक्सच्या साखरपाण्याचा अपवर्तनांक सुमारे १.३५७, तर १८ ब्रिक्सचा सुमारे १.३६०. काचेचा १.५२ धरला तर क्रांतिक कोन अनुक्रमे ६३.२५ आणि ६३.५ अंश येतो. म्हणजे दोन ब्रिक्सला फक्त पाव अंश. सौदा टिकणार की मोडणार, हे या पाव अंशावर ठरत होतं.

आता तापमान. रस तापला की प्रसरण पावतो, तेवढ्याच जागेत द्रव्य कमी उरतं आणि त्याचा अपवर्तनांक उतरतो. आप्पांचं "रस पातळ पडतो" हे प्रकाशाच्या बाजूने पाहिलं तर खरंच आहे. साखर तेवढीच असते, पण मीटर कमी दाखवतो. थंडीत उलटं. ब्रिक्सची पट्टी २० अंशांसाठी आखलेली असते. १० अंशांना १५-१६ ब्रिक्सचा रस सुमारे ०.६ ने जास्त दिसतो, ३० अंशांना साधारण पाऊण ब्रिक्सने कमी. निफाडच्या थंडीत सकाळी सातला पारा दहाच्या आसपास असतो आणि त्याच दिवशी दुपारी तिशीला टेकतो.

पहिला अंदाज, जो चुकला

फोनवर तिने सांगितलं की शून्य लावताना दुकानदाराने नळीचं पाणी वापरलं होतं. मी लगेच म्हणालो, "बोअरचं क्षारयुक्त पाणी, तेच कारण." एक दिवस आम्ही या वाटेवर घालवला.

दुसऱ्या दिवशी वहीत आकडे मांडले तेव्हा चूक दिसली. लिटरमागे एक ग्रॅम क्षार, म्हणजे चांगलंच मचूळ पाणी धरलं, तरी फरक पडतो जेमतेम ०.१ ब्रिक्सचा. शिवाय उलट्या दिशेने. क्षाराच्या पाण्यावर शून्य लावलं तर पुढचे आकडे कमी येतात आणि आप्पांचे तर जास्त येत होते. फरक किती आणि कोणत्या दिशेने, हे दोन प्रश्न मी विद्यार्थ्यांना नेहमी विचारायला लावतो. त्या रात्री ते स्वतःला विचारले नाहीत. खुडा तोंडावर आलेल्या बागेत एक दिवस स्वस्त नसतो.

तिने मग सहज एक गोष्ट सांगितली: शून्य लावलं तेव्हा भर दुपार होती, दुकानाच्या पत्र्याखाली उकडत होतं. तिथे गाठ सुटली. तिशीच्या आसपास पाण्याचा स्वतःचा अपवर्तनांक उतरलेला असतो. मीटरवर ते शून्याच्या सुमारे ०.७ खाली दिसतं. दुकानदाराने स्क्रू फिरवून रेघ शून्यावर आणली, म्हणजे सगळी पट्टीच ०.७ ने वर चढली. त्यावर सकाळच्या थंडीचे ०.६. बेरीज १.३. आप्पांचे सकाळचे १७.६ म्हणजे खरे १६.३. आणि दुपारी याच मीटरवर मुलीला १६.३ च दिसले होते, कारण दुपारी दोन चुका एकमेकींना खाऊन टाकत होत्या.

अडीचपैकी १.३ चा हिशेब लागला. उरलेला १.२ अजून कुठून येत होता ते माहीत नव्हतं.

समोरचे पर्याय

आप्पांपुढे चार वाटा होत्या. व्यापाऱ्याचा आकडा मान्य करून थांबायचं. सौदा सोडून माल स्थानिक बाजारात द्यायचा, दर कमी पण पैसे लगेच. नमुना प्रयोगशाळेत पाठवून तिसऱ्याचा आकडा आणायचा. किंवा दोन्ही मीटर, दोन्ही माणसं एकाच वेळी बागेत उभी करून सगळ्यांसमोर पुन्हा मोजायचं.

आप्पांचा कल दुसऱ्या वाटेकडे होता. अपमान झाल्याची भावना होती आणि ती समजण्यासारखी होती. तिसरी वाट मला आधी बरी वाटली होती. मुलीने ती खोडून काढली: "सर, प्रयोगशाळेत आपण नेऊ त्याच मण्यांचा आकडा येईल. मणी कुठले न्यायचे यावरच तर सुपरवायझरचा विश्वास नाही." ती बरोबर बोलत होती. कितीही महागडं यंत्र असलं तरी ते समोर ठेवलेल्या थेंबाबद्दलच सांगतं.

थांबण्यातही धोका होता. फेब्रुवारीत ढग आले, शिंतोडे पडले की तयार मणी तडकतात. चौथी वाट धरायची ठरली. सुपरवायझरला दुपारऐवजी सकाळी सातला बोलवायचं काम मुलीने केलं. "दादा, तुमचंच मीटर खरं धरू, फक्त आमच्यासमोर मोजा," एवढ्यावर तो तयार झाला.

काय केलं

आदल्या संध्याकाळी एक तयारी केली. बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरची बाटली आणली आणि गावातल्या सोनाराच्या काट्यावर १६ ग्रॅम साखर व ८४ ग्रॅम पाणी मोजलं. साखर पूर्ण विरघळवून झाकण घट्ट लावलं आणि बाटली मीटरशेजारीच शेडमध्ये ठेवली. घरातली पांढरी साखर जवळजवळ शुद्ध सुक्रोज असते, त्यामुळे हे द्रावण १६ ब्रिक्सचंच. कोणाच्या शब्दावर नाही, काट्यावर. या सगळ्या प्रकरणात सर्वांत उपयोगी पडलं ते हे द्रावण.

सकाळी सातला शेडमध्ये ११ अंश होते. डिजिटल मीटरने द्रावण १६.० दाखवलं. त्यात तापमान मोजून दुरुस्ती करायची सोय असते. आप्पांच्या मीटरने दाखवलं १७.२ च्या थोडं वर. आप्पांनी तीनदा काच पुसून पाहिलं. मग गार डिस्टिल्ड वॉटरने शून्य लावलं आणि द्रावण पुन्हा टाकलं: १६ ला लागून. दोन्ही मीटर जुळले. सुपरवायझरच्या चेहऱ्यावर सुटका दिसत होती, आप्पांच्या मात्र नाही. "शून्य तुम्ही फिरवलं म्हणून जुळलं," ते म्हणाले.

शंका रास्त होती, म्हणून तिचं उत्तर दुपारसाठी ठेवलं.

तोवर मण्यांचा प्रश्न. सुपरवायझरला विचारलं, कुठले मणी काढता? त्याने घडाच्या शेंड्याचे चार मणी तोडून दाखवले. आप्पा तोडायचे खांद्याचे, तेही ओळीच्या बाहेरच्या, हाताला लागणाऱ्या घडांचे. घडात खांद्याचे मणी आधी गोड होतात, शेंडा शेवटी. सुपरवायझरला शिकवलेलंच असं, की शेंडा बसला तर सगळा घड बसला. आप्पांना कोणी शिकवलं नव्हतं, ते खाऊन बघतात तसे हाताशी येईल ते घेत होते. दोघांपैकी कोणी लबाडी करत नव्हतं. चिठ्ठीवर मात्र कुठले मणी ते लिहिलेलंच नव्हतं.

मग वरच्या आणि खालच्या भागातून वेगवेगळे वीस-वीस घड निवडले. ओळीच्या दोन्ही बाजूंचे, उन्हातले आणि पानाआडचे. प्रत्येकाचा खांदा, मध्य आणि शेंडा यांतून एकेक मणी. दोन्ही भागांचे मणी स्वतंत्र चुरून, फडक्यातून गाळून, रस दहा मिनिटं मीटरशेजारी ठेवला. वरचा मुरमाड भाग १६.२. खालचा १५.१.

ही गोष्ट कोणाच्याच डोक्यात नव्हती. दोन एकरांचा सरळ सरासरी आकडा साडेपंधराच्या जरा वर आला असता आणि सगळा प्लॉट नापास झाला असता.

दुपारी एक वाजता पारा २९ वर गेला. सकाळी लावलेलं शून्य तसंच ठेवून आप्पांनी तेच साखरपाणी स्वतःच्या हाताने मीटरवर टाकलं. रेघ १५ च्या जरा खाली होती. बाटली दिवसभर त्यांच्या डोळ्यांसमोर होती, झाकण कोणी उघडलं नव्हतं. ते बराच वेळ मीटरमधून बघत राहिले. मग स्वतःच पाण्याचा थेंब टाकून शून्य लावलं, पुन्हा द्रावण टाकलं, आणि रेघ परत १६ वर आली. त्यानंतर "तुम्ही फिरवलं" हे वाक्य आलं नाही.

निकाल

वरच्या भागाचा खुडा दोन दिवसांत झाला, ठरलेल्या दराने. एकदम सगळा माल गेला तर गाडीचा आणि मजुरांचा खर्च वाचतो, म्हणून आप्पांना हे तुकडे पाडणं पटत नव्हतं. मुलीने हट्ट धरला आणि व्यापाऱ्यानेही दोन फेऱ्या मान्य केल्या.

खालच्या भागासाठी नऊ दिवस थांबावं लागलं. पाचव्या दिवशी ढग आले आणि संध्याकाळी हलके शिंतोडे पडले. बांधालगतच्या चार ओळींत मणी तडकले. तो माल स्थानिक व्यापाऱ्याला कमी दरात गेला. बाकीचा नवव्या दिवशी १६.१ भरला आणि निर्यातीला गेला. नुकसान झालं ते या चार ओळींचं. आमचा बोअरच्या पाण्यात गेलेला एक दिवस वाचला असता, तर ते टळलं असतं का? बहुधा नाही, खालचा भाग तेव्हाही कच्चाच होता. पण वरचा माल एक दिवस आधी सुटला असता.

पुन्हा वेळ आली तर

माझ्यापुरतं सांगायचं तर पहिला प्रश्न "पाणी कुठलं?" हा नसावा, "किती वाजता मोजलं, आणि शून्य किती वाजता लावलं?" हा असावा. वेळ कळली की तापमान कळतं, आणि तापमान कळलं की चूक कोणत्या दिशेने आहे ते कागदावर काढता येतं.

मीटरच्या बाबतीत आप्पांनी नवा घ्यायचा की नाही यावर घरात चर्चा झाली. मी नको म्हणालो आणि अजून तेच म्हणेन. प्रत्येक वेळी मोजण्याआधी, रस आणि पाणी एकाच सावलीत ठेवून शून्य लावलं, तर तापमानाचा जवळजवळ सगळा परिणाम वजा होतो. जो उरतो तो ०.१ च्या आसपास. भरपाईची सोय असलेलं मीटर घेतलं तरी रसाला काचेच्या तापमानाला यायला अवधी द्यावा लागतोच. उन्हात तापलेला मणी चुरून लगेच आकडा वाचला तर महागडं यंत्रही फसतं. हातमीटरमधली ही सोय साधारण १० ते ३० अंशांपुरतीच असते, हेही लक्षात ठेवावं.

सौद्याच्या चिठ्ठीबद्दल मात्र मी ठाम आहे. नुसतं "ब्रिक्स १६" लिहिणं म्हणजे "दोन हात लांब" लिहिण्यासारखं आहे, हात कोणाचा ते न सांगता. या जानेवारीत आप्पांच्या चिठ्ठीवर तीन ओळी जास्त आल्या: किती घड, घडाच्या कुठल्या भागातले मणी, आणि मोजण्याआधी दोघांसमोर शून्य. व्यापाऱ्याने काहीही कुरकुर न करता सही केली.

सुपरवायझरने साखरपाण्याची युक्ती उचलली आहे, तो आता गाडीत बाटली ठेवतो. दोन-तीन दिवसांनी द्रावण आंबतं, बुरशी धरते, ते बदलावं लागतं, हे त्याला सांगायचं राहिलं होतं. परवा फोन करून सांगितलं.

खालचा भाग दरवर्षी मागे का राहतो, हा प्रश्न अजून उघडा आहे. मुलीचं म्हणणं, भारी जमिनीत वेलीवर घडांचा भार जास्त ठेवला जातो. आप्पांचं म्हणणं, तिथे पाणी उशिरा तोडलं जातं. यंदा तिने खालच्या सहा ओळींत घड कमी ठेवले आहेत आणि दर चार दिवसांनी दोन्हीकडचा ब्रिक्स वहीत टिपते आहे. प्रत्येक आकड्याशेजारी वेळ आणि तापमानही लिहिते.